‘पळयलें काय आयकलें?’

पत्र थोडक्यात असं: फोंडा तालुक्यातल्या एका भगिनीचे वडील गेल्या मार्गशीर्षात, वयाच्या ७९व्या वर्षी गेले. हयातभर सरकारी वकील. आधी दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात साहाय्यक म्हणून, पुढे सत्र न्यायालयात. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती. वर्षश्राद्धाला येणाऱ्या नातलगांना आणि स्नेह्यांना द्यायला चाळीसेक पानांची स्मरणपुस्तिका काढायचं घरात ठरलं, आणि तिथेच घोडं अडलं. पुण्याला असलेल्या धाकट्या भावाला त्यात बाबांनी चालवलेले मोठे खटले आणि मिळवलेल्या शिक्षा हव्यात. आईचं म्हणणं, कोर्टाचं एक अक्षर नको. त्यातच बाराव्याला आलेल्या एका निवृत्त वकिलांनी वेगळीच आठवण सांगितली. हे बाबांच्या विरुद्ध बाजूने उभे राहायचे. मारामारीच्या एका खटल्यात पोलिसांच्या कागदांत इस्पितळातली एक नोंद होती. घटनेच्या वेळी आरोपी भलत्याच ठिकाणी होता असं त्यावरून दिसत होतं. ती नोंद बाबांनी स्वतःहून न्यायाधीशांपुढे ठेवली आणि आरोपी निर्दोष सुटला. भाऊ म्हणतो, “बाबा हरले ते आपणच छापायचं?”

पत्राच्या शेवटी या भगिनी लिहितात: “मला कोर्टातले बाबा माहीतच नाहीत. घरी आले की कोट खुंटीला, पाय धुवायचे, मग चहा. कामाबद्दल चकार शब्द नाही. आम्ही भावंडं भांडून एकमेकांची तक्रार घेऊन गेलो की एवढंच विचारायचे, ‘पळयलें काय आयकलें?’ (पाहिलंस की ऐकलंस?) चवथीला गणपतीवरची माटोळी बांधायचे. २०२४ मध्ये नवे फौजदारी कायदे आले तेव्हा नवं पुस्तक आणून त्यात पेन्सिलीने काहीतरी लिहीत बसायचे. माझ्याकडे एवढंच आहे. एवढ्यावर कोणी एका माणसाचं आयुष्य लिहितं का? आणि त्या सुटलेल्या माणसाचं लिहावं की नाही?”

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचून मी पहिल्यांदा काय केलं सांगू? ‘पळयलें काय आयकलें’ या तीन शब्दांखाली रेघ ओढली. मग उरलेलं पत्र पुन्हा वाचलं. तुम्ही म्हणता कोर्टातले बाबा तुम्हाला माहीत नाहीत, आणि त्याच परिच्छेदात ते तुम्ही माझ्यासमोर उभे केलेत.

साक्षीदाराने स्वतः पाहिलं असेल ते पाहिलं म्हणून सांगावं, स्वतः ऐकलं असेल ते ऐकलं म्हणून. दुसऱ्याने पाहिलेलं आपण पाहिल्यासारखं सांगू नये. पुराव्याच्या कायद्यातला हा अगदी पायाचा नियम. ऐकीव गोष्ट पुरावा म्हणून सहसा चालत नाही. तुमचे वडील दिवसभर कोर्टात हेच करत होते. पंच म्हणून उभ्या राहिलेल्या माणसाने पंचनामा खरंच डोळ्यांनी पाहिला, की पोलिसांनी लिहून आणलेल्या कागदावर नुसती सही केली? शेजारणीने आरडाओरडा ऐकला, की दुसऱ्या दिवशी बाजारात कोणी तिला सांगितलं? असे प्रश्न दिवसभर हाताळून हा माणूस संध्याकाळी घरी यायचा, आणि कोणी कोणाची पट्टी मोडली याच्या तक्रारीला तोच नियम लावायचा. भावाने मोडली असं तुम्ही म्हणालात म्हणून त्यांनी भावाला मारलं नाही. आधी विचारलं, तू पाहिलंस का? त्या घरात आरोपीलाही न्याय मिळत होता, आणि तो आरोपी बहुधा तुमचा धाकटा भाऊच असायचा.

म्हणून तुमच्या पत्रातली पहिली समजूत मला मान्य नाही. घरातले बाबा वेगळे आणि कोर्टातले वेगळे, त्यातले एकच आपल्या वाट्याला आले, असं तुम्ही धरून चालला आहात. कामाबद्दल बोलत नव्हते हे खरं. पण न बोलणं हाही त्या पेशाचाच भाग होता. सरकारी वकिलाच्या बाडात लोकांच्या घरातलं काय काय येतं याचा विचार करा. कोणाच्या मुलीवर गुदरलेला प्रसंग, कोणाच्या भावाने भावावर उगारलेला कोयता, कोणाच्या घरातली चोरी, जी पुढे घरच्याच माणसाने केलेली निघते. ते चहाच्या टेबलावर आणायचं नाही हे त्यांनी ठरवलं असणार. हे मात्र मी अंदाजाने म्हणते आहे. तुम्ही आईला विचारून पाहा.

आता आईकडे येते, कारण पत्रात तुम्ही त्यांना एका ओळीत संपवलंत. ‘आईचं म्हणणं, कोर्टाचं एक अक्षर नको.’ का नको, हे विचारलंत का? तुम्ही धरून चालला आहात की त्यांना तो विषय आवडत नाही, किंवा त्यांना नवरा तेवढा आठवायचा आहे, वकील नको आहे. तसं असेलही. पण आपला गोवा केवढासा! ज्याला बाबांनी शिक्षा मागितली त्याची आई बाजारात पुढच्याच पाटीवर बांगडे विकत बसलेली असू शकते. ज्याला शिक्षा झाली त्याची बहीण देवळाच्या जत्रेत ओटी भरायला तुमच्या आईच्या मागे रांगेत उभी राहू शकते. वकिलाला कोर्टात तरी काळा कोट असतो. त्याच्या बायकोला बाजारात काय असतं? एवढी वर्षं तुमच्या आईने कोणाच्या नजरा झेलल्या, कोणाशी बोलणं तुटलं, रात्री-अपरात्री कधी कोणी दार वाजवलं का, हे तुम्हाला माहीत नसेल. त्यांचं ‘नको’ तिथून येत असेल तर त्यांच्या ‘नको’लाही पुस्तिकेत जागा मिळाली पाहिजे. निदान पुस्तिका कशी असावी यात त्यांचा शब्द मोठा पाहिजे. आपल्या गोव्याच्या कायद्याने, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर मालमत्तेत बायकोचा अर्धा हिस्सा धरतात. आठवणींत तुमच्या आईला त्याहून कमी देऊ नका.

विचारायचंही एकदम नाही. फोन टेबलावर ठेवून ‘आई, बाबांबद्दल बोल’ म्हटलं की कोणाचीही वाचा बसते. तांदूळ निवडताना, सोलां वाळत घालताना एखादा बारका प्रश्न टाकायचा. पहिल्या पगाराचं बाबांनी काय आणलं? ते कधी न जेवता झोपले होते का? ‘ते कसे होते’ हा प्रश्न अगदी टाळा. त्याला ‘देवमाणूस’ सोडून उत्तर येत नाही.

हे मी शहाणपणाने सांगते आहे असं समजू नका. माझे मामा गेले तेव्हा पहिल्या पुण्यतिथीला वर्तमानपत्रात त्यांच्यावर मी लेख लिहिला होता. मनमिळाऊ, कुटुंबवत्सल, परोपकारी, सगळं होतं त्यात. मामींनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, “बरें बरयलां गो. पूण हो कोण?” (छान लिहिलंयस गं. पण हा कोण?) मामा रोज रात्री झोपण्याआधी घरातल्या सगळ्यांच्या चपला दाराशी जोडीने लावायचे. कोण अजून घरी आलं नाही ते त्यांना चपलांवरून कळायचं. एकाची जोडी नसली तर ते जागे राहायचे. हे मला माहीत होतं. लहानपणी कितीदा पाहिलं होतं. पण लेखात घालावं एवढं ते मोठं वाटलं नाही, आणि त्याच्या जागी मी ‘कुटुंबवत्सल’ असं लिहिलं. अजून ते मला सलतं.

तुमच्याकडे माटोळी आहे, ताई. पत्रात तुम्ही चार शब्दांत ती उरकली. लाकडी चौकटीला केवणीची दोरी, तिला नारळ, सुपारीची शिपटी, कांगल्या, घागऱ्या, माट्टीची फळं. बाबा हे सगळं बाजारातून आणायचे की रानात जायचे? तुम्हाला बरोबर न्यायचे? गाठ कशी मारायचे? कोर्टाला सुट्टी कधी लागायची आणि ते नेमके कोणत्या दिवशी बसायचे? दोरी पुरवायला स्टुलाशेजारी कोण उभं राहायचं? तुम्ही लिहिलं नाही, पण मुलगा म्हणून बहुधा भाऊच. तसं असेल तर पुस्तिकेतली दोन पानं भावाची झाली. मोठे खटले त्याने पाहिलेले नाहीत. दोरी मात्र त्याने धरली होती.

आता भावाचा प्रश्न, आणि यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे. ‘बाबा हरले ते छापायचं?’ या वाक्यामागे अशी कल्पना आहे की सरकारी वकील म्हणजे शिक्षा मिळवून देणारा माणूस, शिक्षा झाली की जिंकला, सुटका झाली की हरला. बहुतेकांना तसंच वाटतं. वर्तमानपत्रातल्या बातम्याही तशाच लिहितात. पण कायद्याने त्याच्याकडून ही अपेक्षा धरलेली नाही. सत्र न्यायालयातला प्रत्येक खटला सरकारतर्फे सरकारी वकिलानेच चालवायचा असतो. तो पोलिसांचा वकील नाही, फिर्यादीचाही खासगी वकील नाही. त्याने न्यायालयाला सत्यापर्यंत जायला मदत करायची, आरोपीच्या बाजूचं काही हाती आलं तर तेही दडवायचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत सांगितलं आहे. खटला मागे घ्यायचा झाला तरी वरून हुकूम आला म्हणून भागत नाही. वकिलाने स्वतःच्या डोक्याने विचार करून अर्ज द्यायचा आणि न्यायालयाची परवानगी घ्यायची, असं कायदा म्हणतो. आणि सुटका झाली म्हणजे वकील कमी पडला असंही नाही. तपास त्याच्या हातात नसतो. साक्षीदार फितूर होतात, पंच आपली सहीच ओळखत नाहीत, जप्तीचं पाकीट नीट मोहोरबंद केलेलं नसतं.

त्या दिवशी तुमच्या वडिलांच्या हाती इस्पितळातली ती नोंद आली तेव्हा काय काय करता आलं असतं? बाड बांधून ठेवता आलं असतं. बचावाच्या वकिलाने शोधली तर शोधली, मला काय त्याचं, असं म्हणता आलं असतं. त्यांनी उठून ती न्यायाधीशांपुढे ठेवली. समोर बसलेल्या पोलीस अधिकाऱ्यासमोर, ज्याच्याबरोबर पुढच्या आठवड्यात पुन्हा काम करायचं होतं त्याच्यासमोर ठेवली. भावाला हवी असलेली मोठी केस ती हीच असं मला वाटतं. आणि बाबांच्या विरुद्ध उभ्या राहणाऱ्या माणसाने ती इतक्या वर्षांनी, बाराव्याला घरी येऊन सांगावी, यापेक्षा त्या गोष्टीला आणखी काय वजन हवं?

तरीही ती जशीच्या तशी लिहू नका. इथे बाबांचाच प्रश्न विचारायचा: पळयलें काय आयकलें? तुम्ही ऐकलंय. मग तसंच लिहा. ‘बाबांच्या विरुद्ध बाजूने वकिली करणारे एक ज्येष्ठ स्नेही आम्हाला म्हणाले’ अशी सुरुवात करा आणि पुढचं त्यांच्याच शब्दांत येऊ द्या. त्यांच्याकडे पुन्हा जा, एक दुपार बसा. साल कोणतं, कोर्ट कोणतं, हे विचारा. त्यांना खटल्याचा क्रमांक किंवा साल आठवलं तर निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी त्या न्यायालयात अर्ज करता येईल. अलीकडच्या वर्षांतले निकाल ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सापडतात, जुन्यांसाठी अभिलेख कक्षात विचारावं लागतं, आणि फार जुनं असेल तर मिळेलच असं नाही. निकालात सरकारतर्फे कोण वकील उभे होते ते साधारणपणे एका ओळीत दिलेलं असतं. ती प्रत हाती आली तर ऐकलेलं पाहिलेलं होईल. नाही आली तरी बिघडत नाही. ‘आम्ही असं ऐकलं’ एवढं म्हणायला लाज वाटायचं कारण नाही.

कायद्याची एक बाब मात्र कडकपणे पाळा, आणि घरातल्या वकील, पोलीस, डॉक्टर यांच्यावर लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगेन. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यातल्या पीडितेची ओळख उघड होईल असं काहीही छापणं गुन्हा आहे. पूर्वी ते भारतीय दंड संहितेच्या कलम २२८-अ मध्ये होतं, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. मुलांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याचं कलम २३ आहे. घरगुती पुस्तिका असली तरी छापलेलं ते छापलेलं. नाव गाळलं म्हणून भागत नाही. आपल्याकडे वाड्याचं नाव आणि बापाचा धंदा सांगितला की अर्धा तालुका ओळखतो. सुटलेल्या त्या माणसाचंही नाव, गाव नको. तो सुटला आहे, त्याला आता पुन्हा कोणाच्या स्मरणपुस्तिकेत आरोपी करू नका. आणि कपाटात लाल फितीत बांधलेली जुनी बाडं असतील तर त्यातले जबाब, फोटो छापायला काढू नका. सरकारी कागद निघाले तर ते परत कुठे द्यायचे हे बाबांच्या एखाद्या जुन्या सहकाऱ्याला विचारा.

भावाला बाबांच्या पेशाचं मोठेपण दाखवायचंच असेल तर त्यासाठी खटले लागत नाहीत, त्यांचा काळच पुरे आहे. त्याला एक पान त्या काळावर लिहू द्या. फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ ला लागू झाली, ती त्यांच्या पिढीने नवी कोरी हाती घेतली. तेव्हा गोव्यात उच्च न्यायालय नव्हतं, ज्युडिशियल कमिशनरचं न्यायालय होतं. मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ पणजीला १९८२ मध्ये आलं. १९८७ ला गोवा राज्य झालं, त्याच वर्षी राजभाषा कायदा आला. साक्षीदार कोंकणीत बोलणार, पोलिसांचा कागद मराठीत किंवा इंग्रजीत, युक्तिवाद इंग्रजीत. घरी कोंकणी आणि वाचायला मराठी अशी आपली तऱ्हा असतेच, पण साक्षीच्या पिंजऱ्यातल्या माणसाचं म्हणणं एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना सांडू न देणं हे रोजचं काम होतं. कोर्टातले जुने शिरस्तेदार, लघुलेखक, बेलीफ यांच्यापैकी कोणी भेटलं तर भावाने त्यांना हेच विचारावं. वकील कसा होता हे न्यायाधीशापेक्षा बेलीफ जास्त खरं सांगतो.

आणि ते पुस्तक. १ जुलै २०२४ ला नवे कायदे लागू झाले तेव्हा तुमचे वडील निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली होती. त्यांना ना कुठल्या खटल्यात उभं राहायचं होतं, ना कोणी सल्ला विचारत होतं. तरी ते पुस्तक आणतात आणि पेन्सिल घेऊन बसतात. काय लिहीत होते ते तुम्ही सांगितलं नाही, म्हणून उघडून पाहा. माझा कयास असा की नव्या कलमांशेजारी जुने आकडे असतील. खुनाच्या १०३ शेजारी ३०२, चोरीच्या ३०३ शेजारी ३७९, फसवणुकीच्या ३१८ शेजारी ४२०. आयुष्यभर जे आकडे तोंडात बसले होते ते सगळे एका रात्रीत बदलले, आणि हा माणूस ७९व्या वर्षात नवी उजळणी करत होता. त्यातलं एक पान स्कॅन करून छापा, समासातल्या अक्षरासह. त्याखाली स्पष्टीकरणाची ओळ देऊ नका. मूळ पुस्तक मात्र कोणाला देऊ नका, आणि पेन्सिल पुसट होते म्हणून सगळ्या पानांचे फोटो आजच काढून ठेवा.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, एवढ्यावर आयुष्य लिहितात का. तुम्हाला आयुष्य लिहायचंच नाही. ते तुमचं कामही नाही. तुम्ही त्यातल्या एका साक्षीदार आहात. पाहिलं तेवढं सांगायचं आणि खाली उतरायचं. दुसरी साक्ष आईची, तिसरी भावाची, चौथी त्या वकिलांची. साक्षी एकमेकींशी जुळल्या नाहीत तर जुळवायला जाऊ नका. आईला ते अबोल आठवतील आणि कोर्टातल्या कारकुनाला बोलके. दोघांचं राहू द्या. चाळीस पानं भरली नाहीत तर चोवीस करा.

छापायला देण्याआधी त्या ज्येष्ठ वकिलांना त्यांचं पान वाचून दाखवा आणि चुकलं असेल तिथे त्यांना पेन्सिलीने दुरुस्त करू द्या. आईचं पान आईला वाचून दाखवा. त्यांनी एखाद्या ओळीवर नुसता हात ठेवला तरी ती ओळ काढा, कारण विचारू नका.